पुढच्या दारावरची पाटी

एदोगावा, जपान, रविवार

प्रिय नुपूर,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण सायकलने ग्योतोकुला जाऊन कोथिंबीर आणण्याइतका शाबूत आहे. पत्र सावकाश वाच. लहानपणी दर रविवारी तुला धरून बसवून बाराखडी गिरवून घेतली, ती काही वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचण्यापुरती नव्हती. अडलंस तर बाबांना विचार, मला विचारलंस तर मी रागवेन.

तू पाठवलेला फोटो मी कोंबिनीच्या दुकानात सगळ्यांना दाखवला. लोक मुलीचा पदवीचा झगा दाखवतात, मी निळ्या पत्र्याचा तुकडा दाखवत फिरते. काउंटरवरच्या पोरींना वाटलं असेल, बाईंना उन्हाळा बाधला. शेजारच्या मोरीआजींनी मात्र चष्मा कपाळावर चढवून नीट बघितलं. मी सांगितलं, नुपूर नैरोबीच्या ज्या वस्तीत पाण्याचं काम करते, तिथे नळाची किल्ली आठवडाभर एका घराकडे असते. त्या घराने नळ उघडायचा, रांग लावायची, आजूबाजूचं झाडायचं, आणि आठवडा संपला की ही निळी पाटी पुढच्या दाराला बांधायची. आपल्या गल्लीत कचऱ्याची जागा झाडायच्या पाळीची, तोबानची, पाटी फिरते, अगदी तशी. आमच्या नुपूरने ती इथूनच नेली. आजींनी मान डोलावली आणि एवढंच विचारलं की तिथेही कावळे आहेत का.

या पाटीची आपल्या घरातली सुरुवात तुला आठवत असेलच. तू दुसरीत होतीस. आपण या गल्लीत आलो तेव्हा पाटी मोरीआजींच्या दारावरून निघायची ती थेट आपल्या पलीकडच्या दारावर जायची. मधलं दार आपलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, परक्या माणसांना कशाला त्रास, असं त्यांना वाटायचं. बाबा म्हणाले, बरंच झालं, एक काम कमी. मी मात्र तुला हाताला धरून आजींच्या दारात जाऊन उभी राहिले. माझं जपानी तेव्हा दूध-अंड्यांपुरतं, माझं तोंड तूच होतीस. मी म्हणाले, "त्यांना सांग, आमचं दार वगळायचं नाही." तू ते इतक्या अदबीने सांगितलंस की म्हातारीने वाकून माफी मागितली, आणि पुढच्या सोमवारी पाटी आपल्या दाराला. त्या आनंदात मी कचऱ्याला कावळे लागू नयेत म्हणून घालतात ती जाळी उचलून ठेवली, जागा घासून धुतली आणि वर रांगोळी काढली. मोरीआजी बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. ही जाळायच्या कचऱ्यात जाते की न जाळायच्या, असा त्यांना प्रश्न पडला असावा.

तुझ्या वस्तीबद्दल तू पहिल्यांदा सांगितलंस ते माझ्या मनातून जात नाही. भिंतीच्या एका बाजूला बंगल्यांच्या हिरवळीवर फवारे, दुसऱ्या बाजूला पिवळे डबे घेऊन पाणी विकत घेणाऱ्या बायका, आणि भाव बंगलेवाल्यांपेक्षा चढा. वस्तीत सगळेच सारखे गरीब. पण निवडणूक जवळ आली की त्यांना ती भिंत दिसेनाशी होते आणि शेजारणीचं नाव तेवढं दिसतं. तिकडे नावावरून जमात कळते, म्हणालीस. मी "हो का" म्हणाले आणि विषय बदलला.

मग तो उमेदवाराचा माणूस आला. उमेदवार तुझ्या वस्तीतल्या वांजिरूच्या जमातीचा, गल्लीत घरंही त्यांचीच जास्त. तिच्या शेजारच्या अचिएंगच्या जमातीची मोजकी. तो म्हणाला, या मोजक्या घरांना टोकाला वेगळा नळ देतो, फुकट, मग पाटी तिकडे न्यायलाच नको. तुला तिकडे पाठवणाऱ्या इथल्या तोयोसुच्या ऑफिसलाही ते पटलं, कारण दोन नळ म्हणजे काम दुप्पट झालेलं दिसतं. तू अडून बसलीस, म्हणून आता तुला परत बोलावताहेत. आणि तेवढ्यात वांजिरूची पाळी संपली. सख्ख्या दिराने वाट अडवली तरी बाई पाटी काखोटीला मारून निघाली आणि अचिएंगच्या दाराला सुतळीने बांधून आली. "मी काहीच केलं नाही," असं तू म्हणतेस. खरंय, केलं वांजिरूने. पण पाटी तू तिथे नेलीस, एवढा अभिमान तरी मला वाटू दे.

तुझे प्रल्हादआजोबा, माझे वडील, तुला आठवतात ते पुण्यातले, कडक इस्त्रीचे, जपानी आकडे शिकव म्हणून तुझ्या मागे लागणारे. गावाबद्दल ते बोलत नसत, मीही नाही. इथल्या मराठी मंडळात कुणी आडनाव विचारून वर "मूळचे कुठले?" म्हटलं की मी पोहे वाढायला उठते, हे तू पाहिलं आहेस. आपली वस्ती गावकुसाबाहेर होती, नुपूर. आजोबांची आई घागर घेऊन गावच्या विहिरीपाशी उभी राहायची, वरून कुणी पाणी ओतेपर्यंत. पुढे एका पुढाऱ्याने वस्तीला वेगळी विहीर खोदून दिली. नारळ फुटला, हार पडले. आजोबांनी मला हे एकदाच सांगितलं. पाणी गोड होतं, म्हणाले, पण त्या दिवसापासून गावच्या विहिरीवर आम्हालाही येऊ द्या, असं म्हणायची सोय उरली नाही. "तुम्हाला दिली आहे ना वेगळी," एवढ्या उत्तरावर गावाचं भागायचं.

परवा फोनवर तू विचारलंस, आई, मी उगाच हट्ट करतेय का, घेऊ का तो वेगळा नळ? आणि त्याच दमात विचारलंस, तू तेव्हा मोरीआजींकडे का गेली होतीस? मी हसण्यावारी नेलं. तुला हे सांगितलं नाही ते लाज वाटली म्हणून नाही, एक तरी पोर या ओझ्याशिवाय वाढावं असं वाटायचं. पण न सांगताही ते तुझ्यापर्यंत पोचलं, म्हणून आज उत्तर लिहिते आहे. तो नळ घेऊ नकोस. नोकरी गेली तर जाऊ दे, तुझी खोली इथे आहे आणि आम्ही दोघं कमावते आहोत. हट्टच आहे हा, पण तुझ्या पणजीचा आहे, सहजासहजी सोडायचा नाही. या आठवड्यात तोबानची पाटी आपल्याच दाराला आहे. तिचा फोटो सोबत ठेवला आहे, वांजिरूला आणि अचिएंगला दाखव.

अभिमानाने फुगलेली,
तुझीच आई