दोन थर्मामीटर, पाच अलार्म

१२ ऑक्टोबर
घर गरम ठेवणारी तळघरातली गॅसची भट्टी आज कायमची गेली. हरकत नाही. शिकारीच्या झोपडीतली आजोबांची लोखंडी शेगडी घरात आणली. धुराडं मीच बसवणार. एलीन म्हणाली, माहीतगार माणूस बोलवू या. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, एक ओरखडा नाही. बायकोला याचा विसर पडतो.
वीस तारखेला पहिला जाळ. ठरलं.

१५ ऑक्टोबर
पाइप आणले. दुकानवाल्या डोरीनने विचारलं, धुराडं भिंतीतून की छपरातून? छपरातून, अर्थात. (हे तिथेच ठरलं.)

१९ ऑक्टोबर
छपराला भोक पाडलं. दोन पाडली. पहिलं प्रायोगिक.

२० ऑक्टोबर
पाइप उलटे बसलेत. निमुळतं तोंड खाली, शेगडीकडे हवं, नाहीतर धुराचं काळं चिकट पाणी सांध्यांतून बाहेर गळतं, असं डोरीन म्हणाली. सगळे उतरवले. खरं तर बरं वाटलं. काम घाईत होऊ नये.

२४ ऑक्टोबर
सगळं सरळ बसलं. एलीनने काडेपेटी हातात दिली. तेवढ्यात लक्षात आलं की पाइपवर थर्मामीटर नाही. थोडक्यात वाचलो.

२९ ऑक्टोबर
थर्मामीटर आणला. पण एकच. तो चुकीचा निघाला तर सांगणार कोण? दुसरा मागवला.

२ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
कुत्र्याच्या पाण्यावर बर्फाची साय. एलीन लोकरी टोपी घालून झोपते. चहा पिताना शांतपणे म्हणाली, "पंधरा तारखेला हरणांची शिकार सुरू होते. त्या दिवशी घर गरम नसेल तर मी ग्रीन बे शहरात बहिणीकडे जाते. आणि बर्फ वितळला की परत येईन, असं धरून चालू नकोस, व्हर्नर."
बायकांना धीर म्हणून नसतो.

५ नोव्हेंबर
मी नऊ वर्षांचा असताना आमचं घर धुराड्याच्या आगीत गेलं. पाइपातून मालगाडी जावी तसा आवाज. आई बर्फात अनवाणी उभी. याचा माझ्या खरेदीशी काही संबंध नाही. आठवलं म्हणून लिहिलं.
धुराचे अलार्म आणले. तीन.

९ नोव्हेंबर
शेजारचा एइनो येऊन गेला. गावच्या आगीच्या बंबाचा प्रमुख. एलीननेच बोलावलं असणार. तासभर ठोकून, वाकून, टॉर्च मारून पाहिलं. म्हणाला, माझ्या घरापेक्षा पक्कं काम आहे. मी म्हणालो, वर ठिणग्या अडवायची जाळी नाही.
"आहे की. तूच बसवलीस."
एइनोची नजर आता पूर्वीची राहिली नाही. चौथा अलार्म आणला.

१४ नोव्हेंबर, दुपारी २
पाचवा अलार्म घ्यायला दुकानात. डोरीन म्हणाली, "व्हर्नर, तू आता इथेच राहायला ये." इथे गरम आहे. जरा बसतो.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
वळणावरून दिसलं: घरावर धूर. बंबाला फोन केला. बाईने विचारलं, धूर कुठून येतोय? घरातून. घराच्या कुठून? छपरावरून. छपराच्या कुठून?
धुराड्यातून, म्हणालो. तिने परत विचारलं, धुराड्यातून? मी म्हणालो, माझी बायको आत आहे हो.
एक बूट रस्त्यात पडला, तसाच आत धावलो. एलीन बाह्या सरसावून वेलदोड्याचा पाव कापत होती. डोक्यावर टोपी नव्हती. मी तिचा हात धरून तिला बर्फात ओढलं. ती आली. माझ्या मोज्याकडे पाहत राहिली.
मग बंब आला. पाच माणसं शेगडीभोवती कॉफी प्यायली. एइनोने अहवाल लिहिला. कारण: शेगडी पेटली होती.

१५ नोव्हेंबर, सकाळी ८
एलीन जात नाही. म्हणाली, "तू घाबरतोस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तू नसतानाच पेटवली."
मी घाबरत नाही. अंगणात पिकअपमध्ये बसलो आहे, हीटर लावून. धुराड्यावर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं.
घाबरतो. फार घाबरतो.
एलीन खिडकीतून कप दाखवते आहे. पाव टाकी पेट्रोल उरलंय. ते संपलं की आत जाईन.