नाराला किती रात्री?

१६ सप्टेंबर, सोमवार

जायचं ठरलं! किती दिवस, ते नाही ठरलं. पण जायचं ठरलं!

आज म्हाताऱ्यांच्या सन्मानाची सुट्टी. यंदापासून ती आमचीच. शाळेचा आमचा वर्ग सत्तरीला पोचला म्हणून चियोनोच्या सलूनमध्ये सगळे जमलो—तिनं दुकान बंद ठेवलं होतं. उरलो किती, तर नऊ. कुरामोची गुरुजी धरून दहा. गुरुजी आमच्याहून नऊच वर्षांनी मोठे. तेव्हा केवढे मोठे वाटायचे! आता तामिओ त्यांच्याशेजारी बसला, तर अनोळखी माणूस तामिओलाच गुरुजी म्हणेल.

साकेची दुसरी बाटली उघडली आणि गुरुजी म्हणाले, "पोरांनो, मला तुम्हाला नाराला न्यायचंय."

पुन्हा एकदा, म्हणजे.

सगळे आपापल्या पेल्यांत बघायला लागले. भरून आलं असणार सगळ्यांना. तामिओ आपल्या मोज्यांकडे बघत बसला. मीच ओरडले, "मी येणार!" तर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. जणू मी तिथे आहे हे त्यांच्या आत्ताच लक्षात आलं.

अरे, मी नको यायला? शाळेची सहल नाराला गेली तेव्हा अख्खा वर्ग बोटीत आणि मी एकटी धक्क्यावर. आईचं बाळंतपण नेमकं त्याच आठवड्यात. घरी धाकटी दोन, भात करायला दुसरं कोणी नाही. बोट दिसेनाशी होईस्तोवर हात हलवत होते. पंचावन्न वर्षं झाली त्याला. तेव्हापासून ऐकतेच आहे—मोठा बुद्ध, नमस्कार करणारी हरणं, पाच मजली पॅगोडा, हरणानं खाल्लेली टोपी. नातवंडांना ह्या गोष्टी मीच सांगते. न बघता. आणि रंगवून!

१७ सप्टेंबर, मंगळवार

ह्यांना सांगितलं. हे अंगणात माकूळ मासे वाळत घालत होते. मान वर न करता म्हणाले, "जा की. आठवडाभर जा. पंधरा दिवस जा."

इतकं मोठं मन कधीपासून?

संध्याकाळी उलगडा झाला. शेजारच्या म्हाताऱ्याशी कुंपणावरून बोलत होते—"ती नसली की मग बसू शोगी खेळत. मध्येच कुणी जेवायला हाक मारायला नको."

बरं! बघतेच!

२२ सप्टेंबर, रविवार

बंदरावरच्या दुकानातून नाराचं पुस्तक आणलं. नकाशासकट. जेवायच्या टेबलावर पसरून बसले, ह्यांना ताट गुडघ्यावर घ्यायला लावलं.

माझा निकाल—तीन रात्री. त्याहून एक कमी नाही. मोठा बुद्ध, त्याच्यामागची टेकडीवरची देवळं, कासुगा देवळाचे दगडी दिवे, हाच एक दिवस झाला. पश्चिमेकडच्या जुन्या मंदिरांना दुसरा. होर्युजी लांब आहे, लाकडाचं इतकं जुनं देऊळ, तिथे धावत जाऊन धावत यायचं? आणि आमच्या बेटावरून जायचं म्हणजे आधी बोट, मग गाडी, मग दुसरी गाडी, मग तिसरी. पोचेपर्यंत अंधार. तो दिवस तर गेलाच.

ह्यांचं मत—"मग चार रात्री राहा ना." गप्प केलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

केस कापायला गेले होते. चियोनोला सहज विचारलं, "मोठ्या बुद्धाला किती वेळ लागतो गं?"

"दहा मिनिटं. बसलेलाच तर आहे."

"आणि हरणं?"

"हरणं काय, हरणंच. चार पाय."

"बुद्धाच्या देवळातल्या त्या खांबाच्या भोकातून आरपार गेली होतीस ना तू? पुस्तकात चित्र आहे त्याचं."

"मी? हो. गेले असेन. मान हलवू नकोस."

मान मी हलवली नव्हती. डावी बाजू बोटभर आखूड झालीय. पहिलीच्या वर्गापासूनची मैत्रीण, आणि नाराचं नाव काढलं की हिला कपाळशूळ!

घरी येऊन तामिओला फोन. तो म्हणाला, "दहा मिनिटं? वेडी का काय! अर्धा दिवस. केवढा चढ आहे, फुजिए! गुडघे हातात येतील."

"नकाशात तर चढबिढ दिसत नाही."

"तेव्हा होता."

"पंचावन्न वर्षांत डोंगर बसला?"

"भूकंप होतात ना गं," म्हणाला आणि फोन ठेवून दिला. चाळीस वर्षं बेटावर बस चालवली ह्या माणसानं! प्रवासी पोचले कसे?

२९ सप्टेंबर, रविवार

फोटो मागितले सगळ्यांकडे. सहलीचा एखादा तरी असेल. नाही! रोल खराब झाला होता म्हणे. सगळ्यांनी हेच सांगितलं, आणि अगदी ह्याच शब्दांत.

आज जरा वाईट वाटतंय. कळलं मला काय आहे ते. त्यांनी पाहिलंय. त्यांना त्याचं अप्रूप नाही. सत्तर वर्षांच्या गुडघ्यांना पाहिलेलंच पुन्हा कशाला दाखवायचं? मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं का?

नसतं म्हटलं.

६ ऑक्टोबर, रविवार

मतदान. पुन्हा चियोनोच्या सलूनमध्ये. केस वाळवायच्या टोपांखाली एकेक जण बसलेला, मंत्रिमंडळासारखा.

तामिओ उठला. "आपण क्योतोत राहू. नाराला दुपारचं जाऊन येऊ. सगळं जग तसंच करतं."

सगळं जग! सगळं जग आमच्या बेटावरही दुपारचं येतं, भाताचे गोळे खातं आणि चारच्या बोटीनं परत जातं. तेव्हा हाच तामिओ शिव्या घालतो ना—"पाहिलं काय ह्यांनी, कप्पाळ?"

म्हटलंच तसं. हशा झाला. तामिओचे कान लाल.

मग मी नकाशा काढला, केस धुवायच्या खुर्चीवर पसरला. म्हटलं, चला, निदान मला दाखवा तरी, तेव्हा तुम्ही जेवायला कुठे बसला होतात? मीही तिथेच डबा खाईन. एकानं देवळाच्या छपरावर बोट ठेवलं. दुसऱ्यानं पोलीस चौकीवर. तामिओनं बराच विचार करून बोट टेकवलं ते तळ्याच्या मधोमध.

"हे तळं आहे," मी म्हटलं.

"बोटीत जेवलो," तामिओ म्हणाला.

कुणी हसलं नाही. आश्चर्य आहे! एरवी ह्याच्या निम्म्या विनोदालाही खुर्चीवरून पडतात.

हात वर झाले. एक रात्र—आठ हात. तीन रात्री—माझा एकटीचा. गुरुजींनी कशालाच हात वर केला नाही. खिडकीबाहेर बघत होते.

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "तुम्ही पोटभर जेवून उठलात. मी अजून पानावर बसलेले नाही. आणि मला सांगताय, एकच घास घे आणि चल?"

आवाज कापला माझा. नको होता कापायला. चियोनो एकदम उठली, टॉवेल धुवायचे आहेत म्हणाली आणि आत गेली. आतून पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

७ ऑक्टोबर, सोमवार

जाणार नाही. बस्स.

८ ऑक्टोबर, मंगळवार

अजूनही नाहीच.

ह्यांचा चेहरा पडलाय. शोगी गेलं ना हातचं! आज दोनदा विचारलं, "नक्की नाही ना जाणार?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मात्र आवाज निराळा होता. म्हणाले, "अगं, मी त्या पुस्तकातली चित्रं बघितली. छान आहे ते देऊळ. तू जायला हवंस." आणि लगेच माकळांकडे गेले. इतकी वर्षं झाली संसाराला, अजून हा माणूस नीट कळत नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी गुरुजी आले. स्कूटरवरून! ह्या वयात! मी ओरडले त्यांना, त्यांनी ऐकून घेतलं. पूर्वी उलटं असायचं.

चहा दिला, मुळ्याचं लोणचं दिलं. बराच वेळ लोणच्याचंच कौतुक. मग म्हणाले, "तुला तिथले सगळे रस्ते पाठ झालेत म्हणे."

"पुस्तकावरून, गुरुजी. प्रत्यक्ष पाहिलेल्यांपुढे माझं काय!"

चहाचा ठसका लागला त्यांना. मी पाठ चोळली. डोळ्यांत पाणी आलं—खोकल्यानं.

"फुजिए, एका रात्रीसाठी म्हणून चल. पुढचं तिथे गेल्यावर बघू."

"तिथे गेल्यावर काय बघायचं गुरुजी? परतीची गाडी ठरलेली."

"बघू."

"तुम्हाला तरी किती दिवस हवेत? तुम्ही हातच वर केला नाहीत."

कप खाली ठेवून म्हणाले, "मी शिक्षक म्हणून फार हुशार नव्हतो. पण पोरं चांगली मिळाली मला. फारच चांगली." ह्याचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध? पण असं म्हटल्यावर नाही कशी म्हणणार! म्हटलं, येते. एक तर एक रात्र. मोठ्या बुद्धासमोर दहा मिनिटं बसेन आणि चियोनोकडे बघणारसुद्धा नाही.

हेल्मेट उलटं घालून गेले. हाक मारेपर्यंत वळणावर पोचले होते.

२ नोव्हेंबर, शनिवार

बॅग भरली. एका रात्रीला लागतं काय! ह्यांनी सुकं माकूळ कोंबलं—"हरणांना आवडतं का बघ." हरणं माकूळ खात नाहीत म्हटलं. म्हणाले, "तू कुठे पाहिलीयस?"

खरंय.

५ नोव्हेंबर, मंगळवार. नारा!

पहाटे बोटीत बसलो, पोचलो दिवस मावळताना. आणि स्टेशनबाहेर आलो तोच पॅगोडा—आभाळ तांबडं आणि त्यावर काळाभोर पाच मजली! अगदी चियोनो सांगायची तसा. नाही, तिनं सांगितला त्याहून उंच. कितीतरी उंच. मी तोंड उघडं टाकून उभी. वळून बघते तर बाकीचेही तसेच उभे. तोंडं उघडी! पाहिलेलं असूनही! उगाच बोलले मी त्यांना.

पण प्रवासानं सगळ्यांची डोकी फिरलीत हे नक्की. तामिओ "चला, माझ्यामागून या" म्हणून तरातरा निघाला तो थेट उलट्या दिशेला. मी हाका मारून परत आणला. उद्यानाच्या कडेला एक हरीण चियोनोच्या अगदी जवळ आलं, मान वाकवली, तर ही किंचाळून माझ्यामागे लपली. "चावतं का गं हे?" मला विचारतेय! पंचावन्न वर्षं हिनंच मला सांगितलं की हरणांच्या गळ्यात हात टाकून फिरले.

लॉजच्या बाईंनी जेवण वाढता वाढता विचारलं, "नाराला पहिल्यांदाच आलात?"

मी मान ताठ करून म्हटलं, "मी पहिल्यांदा. हे सगळे दुसऱ्यांदा."

कुणाच्या तरी हातातून चॉपस्टिक्स पडल्या. मग सगळेच सूप पिऊ लागले. एकदम, एका सुरात.

गुरुजी जेवले नाहीत नीट. मासा अर्धा तसाच ठेवला. त्यांची तब्येत बरी नाही की काय? उद्या सकाळी लवकर निघायचं आहे. दुपारी परतीची गाडी.

६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी देवळाच्या मोठ्या दरवाज्यासमोर गुरुजी थांबले. टोपी काढली आणि माझ्यापुढे वाकले—माझ्यापुढे! म्हणाले, "फुजिए, आम्ही इथे कधी आलोच नव्हतो."

त्या वेळी क्योतोत गुरुजींनी सगळ्यांना चुकीच्या गाडीत बसवलं. रात्रभर प्रवास झालेला, पोरं झोपली, गुरुजीही झोपले. उठून बघतात तर माइझुरू बंदर. समोर समुद्र, आपलाच! दिवसभर तिथेच डुंबले, मासे खाल्ले आणि परत फिरले. नवे गुरुजी, पहिली नोकरी—कळलं असतं तर गेलीच. त्यांच्या आधीचा मास्तर छडीवाला, तो पुन्हा नको म्हणून सगळ्यांनी बोटीतच शपथ घेतली. "तुझे वडील शाळेच्या समितीवर होते गं," चियोनो म्हणाली, "तुला कसं सांगणार? आणि नंतर तू त्या गोष्टी इतक्या छान सांगायला लागलीस…" रडत होती. हसतही होती.

मी काय बोलले आठवत नाही. तामिओला छत्रीनं मारलं, एवढं आठवतंय.

"खोल्या तीन रात्रींच्या घेतल्यात," गुरुजी हळूच म्हणाले. "पुरतील ना?"

चियोनोनं माझा हात धरला. "पुढे हो, फुजिए. आम्हाला रस्ता माहीत नाही."