चोरून आणलेली शेवंती

प्रिय आई,

आज सकाळी मी तुमचं अंगण उपटलं. सगळं नाही, पण बरंचसं. नखांत अजून माती आहे, कंबर धरली आहे, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच इतकं मोकळं वाटतंय की हे तुम्हालाच सांगायला हवं. दुसऱ्या कोणाला सांगू? तुमचे चिरंजीव पुरतं ऐकायच्या आधीच म्हणतील, "मी तं तुले कधीचाच सांगून राह्यलो होतो."

लग्न होऊन मी नागपूरच्या फ्लॅटमधून देवळीच्या या घरात आले, तो पहिला श्रावण आठवतो तुम्हाला? नव्या सुनेचा उत्साह! वृंदावनाखाली तुळशीची बारीक रोपं दाटीवाटीने उगवली होती. ती सगळी काढून मी अंगण लख्ख केलं आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिले. तुम्ही दारातून पाहिलंत आणि म्हणालात, "काऊन उपटलं वं? तुले का तरास देऊन राह्यलं होतं ते?"

एवढंच. तुम्ही घटकाभरात विसरलाही असाल. मी मात्र पुढची एकोणीस वर्षं त्या अंगणात गवताच्या पात्यालाही हात लावला नाही! माझी पक्की समजूत झाली, की आपोआप उगवलेलं आई कधीच उपटत नाहीत.

मग फाल्गुनात तुम्ही गेलात. तेरवीला सगळे जमलेले असताना ताई तुमच्या सुकलेल्या गुलबक्षीकडे पाहून रडायला लागल्या. तुमची लेक ती, तिचं रडू मला बघवेना. मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "आईंच्या अंगणातलं एकही रोप मी काढणार नाही."

किती सोपं असतं हो, तेरवीच्या दिवशी शब्द देणं!

आषाढ लागला आणि जे सुरू झालं, ते काय सांगू! गुलबक्षी फाटकापासून न्हाणीपर्यंत, छातीएवढी उंच. पायवाटेत तेरडा, पायरीच्या फटीत सदाफुली, आणि तुळशींची तर जत्राच. स्कूटर आत येईना म्हणून रस्त्यावर उभी राहू लागली. चिरंजीव म्हणाले, "सरळ फरशी टाकून घेऊ." त्यावर मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. राग त्यांचा नव्हताच खरं तर. त्या रानाचा मलाही कंटाळा आला होता, आणि तसा कंटाळा आल्याची लाज वाटत होती. एक रोप काढलं तरी तुम्हालाच घराबाहेर काढल्यासारखं होईल, ही भीती मनातून जात नव्हती.

सगळ्यात जीव अडकला होता तो तुमच्या पांढऱ्या शेवंतीत. कारंज्याहून, तुमच्या माहेराहून, ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने आणलेली तुमची लाडकी शेवंती! भिंतीजवळचा तिचा वाफा गुलबक्षीच्या गर्दीत दिसेनासाच झाला होता. आणि श्रावणात एक दिवस त्या वाफ्याच्या कडेला कातरलेल्या पानांची कोवळी रोपं दिसली. केवढा आनंद झाला! मी त्यांना आळी केली, शेणखत घातलं, काड्यांचा आधार दिला. पुढे पांढरी फुलंही आली. इतकी बारीक? म्हटलं, तुमच्या हाताची सर माझ्या हाताला कुठून येणार! रोज त्यांचे चार तुरे तुमच्या फोटोपुढे ठेवत होते.

इकडे चिरंजीव शिंकून शिंकून बेजार, दंडांना खाज. दोष मी नव्या साबणाला दिला.

शेजारच्या शोभाकाकू पावसाळाभर लेकीकडे पुण्याला होत्या. परवा परतल्या आणि आल्या आल्या भिंतीवरून डोकावल्या.

"अवं वैशाली, हे काय लावून ठेवलं तू?"

"आईंची शेवंती आहे, काकू."

काकूंना हसू आवरेना. "बाई माये! गाजर गवत होय ते! अन् त्याले शेणखत घालून राह्यली?"

आई, गाजर गवत! बसस्टँडमागे कमरेएवढं माजलेलं असतं ते. सावंगीला कामावर जाताना रोज त्याच्या बाजूने नाकाला पदर लावून जाते मी. आणि तेच घरात तुमच्या फोटोला वाहत होते! अंगणात ओळखू आलं नाही, कारण मला तिथे शेवंतीच हवी होती. तुम्ही फोटोत शिंकलात कशा नाहीत?

मीही हसले, आणि हसता हसता रडायला लागले. कारण गुलबक्षी बाजूला सारून पाहिलं, तर खऱ्या शेवंतीच्या जागी दोन काळ्या, कुजक्या काड्या उरल्या होत्या. सगळं जपायच्या हट्टापायी तुमची सगळ्यात आवडती गोष्ट मीच मारली होती.

काकू फाटकातून आत आल्या, पायरीवर माझ्याशेजारी बसल्या. "तुले कोणं सांगतलं, का तुही सासू उपटत नव्हती? पाचला उठे अन् टोपलं भरभरून उपटे. म्हणे, दोन ठेवाची, बाकी काढाची, नाईतर एकालेबी जोर येत नाई. तुळशी तेवढ्या फेकत नव्हती, त्या गल्लीत वाटून टाके."

"पण मला कधीच दिसलं नाही!"

"तुले कसं दिसन? तू निजेली राहे. मले म्हणे, आवाज नको करू शोभा, पोरगी थकून येते."

आई, एकदा तरी हाक मारायची ना! मी डोळे चोळत उठले असते, कुरकुरले असते, पण शिकले असते. तुमच्यावर रागावू की तुमच्या पाया पडू, तेच कळेना. एक मात्र झालं, सहा महिन्यांचं ओझं त्या पायरीवर उतरलं. ताईंना फोन करून सांगितलं, की मी शब्द मोडणार आहे. त्या म्हणाल्या, "मोड ना. आई तं दर साली हेच करे. मले वाटलं तुले माहीत हाय!"

आणि शेवंती? काकू हळूच म्हणाल्या, "माह्या टाकीमागं हाय ना तुह्या सासूची शेवंती."

"आईंनी दिली होती?"

"देते कायची! मागितली तं म्हणे, मागून नेलेलं रोप लागत नाई, चोरून नेलेलंच लागते. थांब शोभा, म्हणे, मी आत चाय ठेवतो."

म्हणून आज उजाडताच मी खुरपं घेऊन काकूंच्या फाटकाशी उभी राहिले. काकू अंगण झाडत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चला, चाय ठेवतो," असं मोठ्याने स्वतःशीच म्हणाल्या आणि आत गेल्या. तीन फुटवे चोरले, आई! या वयात छाती कशी धडधडत होती म्हणून सांगू!

मग घरी येऊन पदर खोचला. हातांना पिशव्या बांधून आधी गाजर गवत काढलं. फाटकाशी गुलबक्षीची दोन झाडं ठेवली, तेरडा भिंतीकडेचा तेवढा ठेवला. पायरीतली सदाफुली मात्र उपटवली नाही, ती माझी लाडकी म्हणून राहू दे. तुळशीची रोपं जुन्या डब्यांत घालून कठड्यावर मांडली आहेत, गल्लीसाठी. चिरंजीवांनी स्कूटर आत आणली, अंगणभर नजर फिरवली आणि म्हणाले, "फरशी राहू दे."

चोरलेली शेवंती लावून पाणी घातलं, आता तिने मान वर केली आहे. वाफा तोच आहे, भिंतीजवळचा.

आता माझा शब्द घ्या, आणि हा तेरवीच्या रडण्यातला नाही. दर पावसाळ्यात मी पाचला उठेन. दोन ठेवीन, बाकी काढीन. आणि शेवंती फुलल्यावर कोणी बाई फाटकाशी उगाच घुटमळताना दिसली, तर मी तिला काही विचारणार नाही. चहा ठेवायला आत जाईन, आणि लवकर बाहेर येणार नाही.

तुमची सून,
वैशाली