डावी टाच

६ एप्रिल
गोल्फच्या मैदानात सतराव्या होलवर पुन्हा चेंडू काटेरी झुडपात! पुन्हा तीच उडी — ऐन फटक्याला डावी टाच वर, आणि मी कोंबड्यासारखा जागचा हलतो. म्हाताऱ्याची, म्हणजे बापाची, देणगी. लहानपणी समुद्राच्या वाऱ्यात उभं करून, पोटरीवर काठी मारून शिकवली. "लम्सडेन घराण्याचा स्विंग आहे हा, इनिस!" त्या स्विंगवर त्यानं क्लबचा कप जिंकला. मी एकदाही नाही. "तुझ्याच्यानं व्हायचं नाही" — हे मात्र दरवर्षी ऐकलं. यंदा कप घेणारच. आणि त्याच्या उडीशिवाय!

९ एप्रिल
वृद्धाश्रमात जाऊन आलो. म्हातारा अदबीनं म्हणाला, "साहेब, आपण कोणाकडे आलात?" माझा चेहरा केव्हाच गेला त्याच्या डोक्यातून. त्याची खोली सतराव्या होलकडे तोंड करून आहे. मोराग नर्स सांगत होती, "तुम्ही तिथं फटका मारलात की खिडकीतून हात हलवतात. म्हणतात, ते बघा आमचं इनिस, उड्या मारतंय गाढव!"

वा! तोंड विसरला, खोट तेवढी बरोबर लक्षात ठेवली.

२ मे
टाच खाली ठेवायला शिकवणारी एली माझ्या मुलीच्या वयाची. मफलरचं एक टोक माझ्या टाचेखाली, दुसरं तिच्या हातात. टाच उचलली की मफलर सर्रकन बाहेर. "निसटला बघा, इनिस!" सकाळभर हेच. पन्नाशी उलटल्यावर ही शोभा.

९ मे
निसटला.

२० जून
आज मफलर हलला नाही! क्लबात रॉरी खिदळला, "काय रे, पाय खिळ्यांनी ठोकलेत का?" हस लेका. सप्टेंबरात कपाच्या वेळी बघू.

१४ ऑगस्ट
मोरागनं रस्त्यात गाठलं. "तुमचे बाबा दिवसभर खिडकीत बसून असतात हो. काल मी दाखवलं, तो बघा इनिस. तर माझ्यावरच ओरडले — तो कुणी भलताच, आमचा इनिस असा मारत नाही!"

बरं झालं, म्हणालो. तिनं माझ्याकडे असं बघितलं की घरी येईपर्यंत कान तापलेले होते. एकदा जुना फटका मारून दाखवावा का? छे! आता नवा मोडला तर सगळी मेहनत पाण्यात. कप होऊ दे, मग बघू.

१३ सप्टेंबर
जिंकलो! रॉरीला हरवून!! कप तसाच म्हाताऱ्याच्या मांडीवर नेऊन ठेवला. बघ म्हणावं, झालं माझ्याच्यानं. त्यानं कपावर कोरलेलं स्वतःचं नाव बोटानं चाचपलं, पण वाचलं नाही.

"छान, साहेब. अभिनंदन. माझा मुलगाही खेळायचा. हल्ली येत नाही."

"का?"

"मी फार मारायचो त्याला. आला असता तर..." खिडकीकडेच बघत बसला.

कप तिथंच विसरून आलो.

१४ सप्टेंबर
सतराव्यावर एकटाच गेलो. बाबा खिडकीत होते. जुना फटका मारायला गेलो — टाच उठेना. जोर करून उचलली, तर भलत्याच वेळी उठली, नक्कल केल्यासारखी. पिशवीतले सगळे चेंडू मारले. सगळे सरळ गेले. बाबांचा हात मांडीवरच होता.