पलंगाखालची बॅटरी

बाबा, तुला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आज सकाळपासून मी या कागदावर तुझ्याशीच बोलतेय. आपलं बॅटऱ्यांचं दुकान उघडं आहे, पण आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतेय. माझ्या हातून एक चूक झालीय. त्या चुकीवर एक आजारी माणूस झोपलाय आणि त्याच्यापर्यंत माझा फोन पोचत नाहीये.

काल शिरपामाळचा डोंगरमाथा बघून एक मोठी पांढरी गाडी आपल्या दारात आली. आत अख्खं घर: शेगडी, फ्रिज, मागे पलंग. नवरा-बायको सत्तरीचे, नाशिकचे. काकांना श्वासाचं मशीन लागतं आणि ते पलंगाखालच्या बॅटरीवर चालतं. चार्जिंगला लावली की ती तापते, उग्र वास येतो, म्हणून काकू घाबरल्या होत्या. चार्जरसोबत तापमानाचा सेन्सर आला होता, पण तो कुणी बसवलाच नव्हता, पाकिटातच पडलेला. काम अर्ध्या तासाचं. सेन्सरची चकती बॅटरीच्या बोल्टाखाली दाबायची, वायर चार्जरला जोडायची. मग बॅटरी तापली की चार्जर आपणहून जोर कमी करतो.

पण काका पलंगावर झोपले होते. काकू म्हणाल्या, "उठवू नका हो, चार दिवसांनी डोळा लागलाय त्यांचा." तूही हेच करायचास ना? भिवंडीहून कामावरून परतलेली माणसं जीपमध्ये एकमेकांच्या अंगावर कलंडून झोपलेली असायची. ड्रायव्हर सीटखालची बॅटरी बदल म्हणून घाई करायचा आणि तू म्हणायचास, "निजू दे रं त्यांना, थकली हायेत." मग त्यांना जाग येईपर्यंत तू पायरीवर चहा पीत बसायचास, मी शाळेच्या फ्रॉकमध्ये तुझ्या शेजारी. उशीर झाला म्हणून तू काम कधी अर्धवट केलं नाहीस. झोपू देण्याची तुझी रीत मी उचलली बाबा, थांबायची नाही उचलली. मी ती चकती ड्रायव्हरच्या सीटखाली, इंजिनच्या बॅटरीवर बसवली. एकाच गाडीतल्या दोन्ही बॅटऱ्या, असा कितीसा फरक पडणार? काका उठले की हलवू, असंही मनात होतं. तेवढ्यात मोखाड्याचा जीपवाला बाहेर हॉर्न वाजवायला लागला. त्याचं काम उरकून आले आणि काकूंना सांगून टाकलं, "झालं काकू, आता निर्धास्त राहा."

आज सकाळी चहा गाळताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इंजिनची बॅटरी थंड बसणार, सेन्सर चार्जरला सगळं गार आहे म्हणून सांगणार आणि चार्जर जोर लावतच राहणार. पलंगाखालची मात्र उकळत राहणार, बंद पेटीत, विषारी गॅस सोडत. सेन्सर नव्हता तेव्हा काकूंना निदान भीती तरी होती. तीही मी काढून घेतली. काका-काकू खोडाळ्याला ओळखीच्यांकडे उतरून गाडीला तिथली वीज जोडणार होते. काकूंना किती वेळा फोन लावला असेल, एकदाही लागला नाही. शेवटी त्या वाटेने निघालेल्या एका जीपवाल्याचे हातच धरले. "पांढरी गाडी दिसली की आधी विजेची वायर काढ, बाकीचं मग." तो म्हणाला, "बगतो ताई. पन कोनाच्या दारात लावली हाय, ठावं नाय." तेव्हापासून बसलेय. तू असतास तर शिव्या दिल्या असत्यास, आणि मला आज त्या हव्या होत्या रे.

आत्ता त्याच्याच फोनवरून काकू बोलल्या. गाडी सापडली, वायर काढली. बॅटरीची पेटी फुगलीय, हात लाववत नाही. काकांचे डोळे झोंबत होते, खोकत होते. त्यांना मशीनसकट घरात नेलंय, आता बरे आहेत. मी खाली बसूनच रडले. मग काकूंनी विचारलं, "सेन्सर बसवूनही असं कसं हो झालं?"

मी म्हणाले, "सेन्सरच खराब निघाला असेल, काकू."

"तरी बरं, तुमच्या लक्षात आलं. तुमच्यामुळे वाचले हे."

पाना आणि नवी बॅटरी घेऊन खोडाळ्याला निघालेय. हा कागद कुठे पाठवू? सेन्सर योग्य जागी बसवेन, ते मला येतं. खरं सांगेन की नाही, ते मात्र मलाही माहीत नाही.