काही त्रास नाही

प्रिय धाकट्या,

तुझे तीन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. उचलला असता तर पुन्हा "सगळं ठीक आहे" म्हणून मोकळा झालो असतो. आज नळी निघाली. नऊ दिवस लघवीची पिशवी मांडीला बांधून दुकानात बसलो. गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वाकायचीही चोरी! कोटाची दोन कामं परत पाठवली. नुसता वैताग.

प्रोस्टेटची बायोप्सी म्हणजे सुईने बारीक तुकडे काढतात, एवढंच. तासाभरात घरी आलो. पण संध्याकाळी लघवी अडली ती अडलीच. ओटीपोट दगडासारखं झालं. मी मोरीत उभा, बाहेर तुझी वहिनी दार वाजवतेय, आणि मी तिच्यावरच खेकसतोय. शेवटी तिनेच गाडी बोलावून दवाखान्यात नेलं. नळी घातली तेव्हा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरीणबाई आपल्या ताईच्या मुलीएवढी. बायोप्सीआधी तिने लघवीबद्दल सगळं विचारलं होतं, धार कशी आहे, जोर द्यावा लागतो का, थांबून थांबून होते का. शेजारी वहिनी बसलेली. मी म्हटलं, काही त्रास नाही. वर्षभर दुकानामागच्या संडासात दहा-दहा मिनिटं घालवत होतो आणि कारागिरांना नळाला पाणी नव्हतं म्हणून सांगत होतो. नळी घातल्यावर ती शांतपणे म्हणाली, "काका, तेव्हा सांगितलं असतंत तर आधीपासूनच लघवी मोकळी व्हायची गोळी सुरू केली असती. बहुतेक ही वेळ आली नसती." ओरडली असती तर बरं वाटलं असतं. चार दिवस मी तिच्या नावाने बोटं मोडत होतो. खरा राग कुणावर होता ते तुला कळलंच असेल. रिपोर्ट चांगला आलाय, कॅन्सर नाही. तरी चिडचिड जात नाही.

काल तुझी बायको येऊन गेली. मला सांगू नकोस असं तू तिला बजावलं होतंस, तिने सांगितलं. सोमवारी तुझीही बायोप्सी आहे, आणि फॉर्मवर तू सगळीकडे "नाही" लिहिलंयस. अरे, मागच्या प्रवासात दर अर्ध्या तासाला गाडी कोण थांबवत होतं? उद्याच डॉक्टरांना फोन कर. तू रक्त पातळ करायची गोळी घेतोस, तेही सांग. तोंडाने सांगवत नसेल तर हे पत्र त्यांच्यापुढे ठेव. माझी अब्रू गेली तरी चालेल.

तुझाच,
दादा