पंखे ढग पळवतात, म्हणे

बुधवार, दिवेलागण

भावजी आत्ताच गेले. उद्याच्या ग्रामसभेत गायरानावर सोलर बसवायचा ठराव मी सरपंच म्हणून मांडावा, हा त्यांचा आग्रह. आपली वीज आपल्याच माळावर व्हावी, मोटार सुरू करायला रात्री कुणाला रानात जावं लागू नये. पटतं मला. मग अडतंय कुठे?

पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा हेच भावजी गावोगाव सांगत फिरले, की हे पंखे ढग पळवतात, म्हणून पाऊस नाही. त्यावरच जिल्हा परिषदेत निवडून आले. आज पारावर एक म्हातारी त्यांना म्हणाली, "पंख्यांनी ढग पळवलं. आता ह्या काचा ऊन पिऊन टाकत्याल, मग जवारी कशावर यायची?" भावजी नुसते हसले. बाकीच्या बायका मात्र माना डोलवत होत्या. अशाने ठराव पडणार.

मघाशी मी म्हटलं, "उद्या आधी सांगून टाका, ते खोटं होतं."

"आवं वैनी, तेवढं बोललो नसतो तर मला तालुक्याला, वडूजात तरी कुणी वळखलं असतं का?" पुन्हा तेच हसणं. किती सहज!

"मग माईक आधी तुमच्या हातात. त्याशिवाय मी ठराव मांडणार नाही."

तेव्हा हसले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले.

येतील का उद्या? नाही आले तर मलाच सांगावं लागेल, त्यांचं नाव घेऊन. आडनाव तर माझंही तेच आहे. सांगेन.